जंतूची चिठ्ठी पऱ्हाटीनं कशी वाचली?

प्रश्न : बीटी कपाशीत म्हणे मातीतल्या जंतूचा जीन टाकलाय. काहून बा, जंतू कुठं अन् पऱ्हाटी कुठं, एकाचं दुसऱ्याले समजते कसं? अन् सरकीची ढेप आमच्या म्हशी खातात, तो जीन दुधातून पोरांच्या अंगात तर नाही ना येत?
— एक वाचक, सावनेर (जि. नागपूर)

उत्तर : भाऊ, पहिला प्रश्न एकदम भारी आहे, दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे म्हणून ते नंतर.

जीन म्हणजे प्रोटीन कसं बनवायचं याची डीएनएत लिहिलेली चिठ्ठी. डीएनएत अक्षरं फक्त चार, तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४ शब्द होतात, त्यातले ६१ शब्द २० अमिनो आम्लांची (म्हणजे प्रोटीनच्या माळेतल्या मण्यांची) नावं सांगतात आणि उरलेले ३ म्हणजे पूर्णविराम. हा शब्दकोश उलगडणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते, १९६८ चं नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत मिळालं. आता गंमत अशी की जंतू, पऱ्हाटी, म्हैस, तुम्ही-मी, सगळ्यांकडे हा शब्दकोश जवळपास सेमच, कारण सगळ्यांचा मूळपुरुष एकच, आणि मधेच कोणी एखाद्या शब्दाचा अर्थ बदलला तर अंगातली हजारो प्रोटीनं एकदमच बिघडतील, म्हणून तो बदल सहसा टिकतच नाही. जवळपास म्हटलं कारण अपवाद आहेत. आपल्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या वीजघरात) 'यूजीए' हा एरवीचा पूर्णविराम पूर्णविराम नाही, तिथं तो ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत आली की कशी होते, तसंच.

पण चिठ्ठी वाचता येणं वेगळं आणि ती घरात येणं वेगळं. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, त्याचा जीन पऱ्हाटीत आपोआप नाही गेला, तो प्रयोगशाळेत घातला. आणि जसाच्या तसा घातला तेव्हा प्रोटीन फारच कमी बनलं! एकाच आम्लाला अनेक शब्द असतात ना, त्यातले जंतूच्या आवडीचे वेगळे आणि झाडाच्या आवडीचे वेगळे, म्हणजे भाषा तीच पण लहेजा पटेना. मग अर्थ तसाच ठेवून शब्द झाडाच्या पसंतीचे घातले, तेव्हा कुठं काम झालं. भारतात ही कपाशी २००२ मध्ये मंजूर झाली.

आता ढेप. पोटात गेलेला डीएनए पचतो, त्याचे तुकडे होतात, तो बीटीचा असो की तुरीचा. इतकी वर्षं सावजी मटण खाताय, शिंगं फुटली का? बीटीचं प्रोटीन अळीच्या अल्कली आतड्यात विरघळून तिथल्या खास जागी चिकटतं अन् अळी मरते, आपलं पोट आम्लाचं आणि तशी जागाही आपल्याकडे नाही.

आणि हो, निसर्गही हे उद्योग करतो बरं का. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जंतू स्वतःचा डीएनए झाडात घुसवतो, शास्त्रज्ञांनी ही युक्ती त्याच्याकडूनच उचलली. शिवरात्रीच्या उपवासाला आपण जे रताळं खातो त्यातही त्याचे जीन सापडले, २०१५ मध्ये, कोणा कंपनीनं न घालता.

गुलाबी बोंडअळी मात्र आता बीटीलाही जुमानत नाही, म्हणून फरदड (वेचणीनंतरही तीच पऱ्हाटी ठेवून घेतलेलं वाढीव पीक) घेत बसू नका, तिच्यावरच ही अळी पोसते, वेचणी झाली की पऱ्हाट्या काढून टाका.