वही राहू द्या, चेंडू न्या!

प्रश्न : आझाद मैदान, वानखेडे इथे उभं राहून मी क्रिकेटपटूंच्या दोन वह्या सह्या जमवल्या. मार्चमध्ये मुलीकडे अमेरिकेत फिनिक्सला जातोय. तिथे बेसबॉलवाल्यांच्या सह्या मिळतील का? वही नेऊ?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : काका, मुहूर्त छान साधलात! मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, ३० संघांपैकी १५ संघांची मोसमापूर्वीची शिबिरं फेब्रुवारी-मार्चमध्ये फिनिक्सच्या आसपासच असतात. मैदानं आटोपशीर, खेळाडू निवांत. तिथल्या सराव सामन्याच्या बरंच आधी पोहोचा आणि कठड्याशी उभे राहा.

वहीला कुणी नाही म्हणणार नाही, पण तिकडे मान चेंडूचा. दोन शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात ती अरुंद जागा एकट्या सहीसाठी राखीव समजतात. चेंडू फिरवून तीच बाजू पुढे करा. पेन साधं निळं बॉलपेन. मार्करची शाई चामड्यात फुटते. माझा एक चेंडू असाच गेला, अजून हळहळ वाटते. कार्डावर, फोटोवर मात्र मार्करच. टोपण आधीच काढून ठेवा. नावाने हाक मारा, एकच वस्तू पुढे करा. शेजारी लहान मूल असेल तर आधी त्याला जाऊ द्या (तुम्हीही कधी वानखेडेबाहेर तसेच उभे होतात ना?).

खरी परीक्षा परतल्यावर. गिरगावातला जुलै चेंडूला पिवळा करतो. काचेच्या कपाटात मिरवू नका, उन्हाने शाई उडते. बंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा कपड्यांच्या कपाटात. डांबराच्या गोळ्यांपासून लांब!