‘सगळं ठीक’ एवढंच सांगू नको

बाळा, आशीर्वाद.

परवा पेढे घेऊन आलास, अर्धा तास बसलास, पण तुझ्या काकूसमोर जे विचारायचं होतं ते काय तोंडातून निघेना, मला कळलं ते. लग्नाला आठ महिने झालेत आणि आता यूएनच्या ड्युटीवर वर्षभर साउथ सुदान, तर एवढ्या लांबनं बायकोला काय आणि कसं सांगायचं, हेच ना? म्हणून लिहितोय, फोनवर असलं काय मला बोलायला जमत नाही.

मी लेबनॉनला होतो हे तुला माहीतच आहे. 2006 चं युद्ध ऑगस्टमध्ये थांबलं, त्यानंतर अटॅचमेंटवर, म्हणजे दुसऱ्या पलटणीबरोबर, आम्ही गेलो. लढाई आपली नव्हे, यूएनची निळी टोपी घालून मधे उभं राहायचं काम. भीती म्हणशील तर आठवड्याभरात अंगवळणी पडते. संध्याकाळ मात्र अंगवळणी पडत नाही. पेट्रोलिंगवरनं आलास, हत्यार साफ केलं, रोल कॉल झाला, लंगरची डाळ खाल्ली, आणि मग दोन तास उरतात त्यांचं काय करायचं तेच कळत नाही. मला तेव्हा एकच दिसायचं, रोपलागणीला चिखलात उभी राहून तुझी काकू कोपरानं केस मागं सारायची, हाताला चिखल म्हणून. दुसरं काय नाही, तेवढंच, आणि रोज.

फोनला तेव्हा कार्ड लागायचं आणि मागं लाईन. काकू गोकाककडची, पहिला प्रश्न ठरलेला, ‘ऊट आतेनरी?’, म्हणजे कन्नडात जेवण झालं का. मी म्हणायचो, झालं, सगळं ठीक. ती म्हणायची, इकडं पण ठीक. संपलं. कार्डात पैसे शिल्लक राहायचे बघ! आमची एक म्हस मेली ते मला दोन महिन्यांनी कळलं, ते पण दुसऱ्याकडनं. मी भडकलो, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, ‘तुम्ही तरी काय सांगतासा?’

खरं सांगू, सांगण्यासारखं ढीग होतं. तिथल्या लोकांची गुरं-शेळ्या तपासायला आपला जनावरांचा डॉक्टर गावोगाव जायचा आणि मला शेळ्यांचं कळतं म्हणून मी एस्कॉर्टला जायचो. ऑलिव्हच्या बागा फळानं लगडलेल्या, पण युद्धात पडलेले क्लस्टर बॉम्ब न फुटता मातीत राहिलेले, त्यामुळं कित्येक शेतकरी बांधावरनं नुसते बघत उभे. एक म्हातारी तर रोज येऊन उभी राहायची. समोर हर्मोनच्या डोंगरावर बर्फ, तिकडचे लोक त्याला जबल शेख म्हणतात. हे सगळं काकूला मी रिटायर झाल्यावर सांगितलं, एकदा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा, तर ती हात थांबवून म्हणाली, ही म्हातारी मला तेव्हा पाहिजे होती. आता काय उत्तर देणार त्याला?

आणि 24 जून 2007. खियामजवळ स्पॅनिश बटालियनच्या गाडीवर बॉम्ब, सहा पोरं गेली, आमच्या भागाला लागूनच. लाईन मिळाल्यावर मी घरी सांगितलं, इकडं काय नाही, सगळं शांत आहे. तिनं टीव्हीवर आधीच बघितलेलं. काय बोलली नाही ती, पण त्यानंतर माझ्या ‘ठीक’वर तिचा विश्वास बसायला किती वर्षं गेली ते तिलाच विचार. तेव्हा असलं काय घडलं तर आधी तू फोन कर, झालं ते सांग, पोस्ट कुठं, कोण किती हे सांगायचं नसतं ते तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंच आहे, पण घाबरलोय एवढं सांगायला कुणाची परमिशन लागत नाही.

आता तुमचं व्हॉट्सॲप आहे, पण घड्याळ बघ. तुझे संध्याकाळचे साडेसात म्हणजे इथं रात्रीचे अकरा, आणि तुझी बायको पाचला उठून डेअरीला दूध घालते. पावसात तिकडची काळी माती आपल्या अथणीकडच्या रानासारखी चिकट, गाड्या रुततात, पेट्रोलिंग लांबतं, तर दोन दिवस फोन लागणार नाही हे आधीच सांगून ठेव. आईला वेगळा फोन, बायकोला वेगळा. आई शेजारी बसलेली असताना ती पोरगी ‘हं, हं’ शिवाय काय बोलणार? रमचे दोन पेग लावून फोन करायचा नाही, मी केलाय, जास्त विचारू नको. आणि यूएनचा पैसा किती येणार ते पहिल्यांदा तिला सांग, गावाला तिच्या आधी कळलं तर खैर नाही तुझी.

परत आल्यावरचं पण ऐक. ती तोवर बँक, पाण्याची पाळी, गॅस सगळं एकटी बघायला शिकलेली असेल. मी आल्या आल्या पासबुक मागून घेतलं होतं. महिनाभर माझ्याशी ती नुसत्या कन्नडमध्ये बोलत होती.

सांब्र्याला विमानतळावर सोडायला मी येतो, गाडी माझी काढू. कुंदा जास्त घेऊ नको, तिथल्या उन्हात टिकणार नाही, लसणाची चटणी घे. बायकोला गेटपर्यंत आण आणि रडली तर रडू दे. मी तेव्हा बेळगाव स्टेशनवर काकूला म्हणालो होतो, गप, लोक बघायलेत. अजून काढते ती ते.

तुझा काका