बीएस्सीनंतर थेट एमबीबीएस?

प्रश्न : मी झूलॉजी घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आत्या म्हणते, पदवी असली की एमबीबीएसच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. खरं का? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही गं. आपल्याकडे तशी सोय नाही. पदवीवालीलाही ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षाच द्यावी लागते. कमाल वयाची अट आता नाही, तेव्हा बसता येईल. पण पुढं साडेचार वर्षं आणि वर वर्षभराची इंटर्नशिप, सगळं पहिल्यापासून. शिवाय 180 प्रश्नांत जीवशास्त्राचे 90च. उरलेलं फिजिक्स-केमिस्ट्री, तेही अकरावी-बारावीचं. माझा एक विद्यार्थी झुरळाची पचनसंस्था फळ्यावर न बघता काढायचा. तीन वर्षं हात न लावलेल्या फिजिक्सनं त्याला दोनदा आपटलं.

एमएस्सीचा विचार केलास का? त्यात खुल्या गटाला किमान 55 टक्के हवेत, मग सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, की पीएचडीची पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये, घरभाडं वेगळं. आत्याला हा आकडा जरूर ऐकव! नावाआधी ‘डॉ.’ तिथंही लागतं; फक्त तिची बीपीची गोळी तुला लिहून देता येणार नाही.