बाळंतपण बर्लिनला की माहेरी, आणि गाण्याचं काय

जानेवारीत बर्लिनला रुजू व्हायचंय, बायकोला तेव्हा सहावा लागेल, तर तिला बरोबर आणावं की बाळंतपण कोल्हापूरला माहेरी होऊ द्यावं आणि मग बोलवावं, असा तुमचा प्रश्न. आणि अगदी खाली, जरा चाचरत, ‘शास्त्रीय गाणं ऐकायची सवय आहे, तिकडे काही सोय होते का?’ पहिल्या प्रश्नाला मी दोन ओळींत उत्तर देऊन सुटलो असतो. दुसऱ्यामुळे अडकलो.

पालकभत्ता किती, बापाला रजा किती, विमा कुठला, हे सरकारी पानांवर इंग्रजीतूनही नीट दिलेलं आहे, ते तिथे वाचा. मी कागदांपासून सुरू करतो, कारण तो राग अजून उतरलेला नाही.

बाळ इथे झालं की जन्मनोंदणीला आईबापांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागतात. माझ्या बायकोच्या नगरपालिकेच्या दाखल्यावर नावच नव्हतं. नुसतं ‘स्त्री’ आणि तारीख. आपल्या पिढीत हे घरोघरी आहे, बारशाच्या आधीच नोंद व्हायची ना. तिकडचा एजंट म्हणेल, अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून देतो. पैसे घालवू नका. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीची हरकत आहे, इथे ते चालत नाही. इथली कचेरी आपले कागद भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत पडताळून घेते. तिकडे एक वकील नेमला जातो, तो नगरपालिकेत, शाळेत, कधी थेट आळीत जाऊन खात्री करतो, आणि खर्च आपल्या खिशातून. माझ्या सासुरवाडीच्या शेजारच्या काकूंना त्यानं विचारलं, ही मुलगी यांचीच का? काकूंनी त्याला चहा पाजला आणि अख्खी वंशावळ ऐकवली.

तोवर इकडे आमच्या मुलीला जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा उतारा मिळाला. त्यावर छापलेलं, आईबापांची ओळख सिद्ध झालेली नाही. कामं होतात त्या कागदावर, अडत काही नाही. पण बाळंतपणाच्या खोलीत रात्रभर बायकोचा हात धरून मीच उभा होतो, आणि माझीच ओळख सिद्ध नाही! खरा दाखला पुढे आला. तो उतारा मात्र मी अजून फाइलमध्ये जपून ठेवलाय, कशाला ते विचारू नका. तुम्ही निघण्याआधी दोघांच्या दाखल्यांवर नावं चढवून घ्या, आणि पासपोर्ट, लग्नाचा दाखला, जन्मदाखला या तिन्हींत स्पेलिंग एकच आहे ना ते बघा. वडलांचं नाव एका कागदावर मधे आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर इथे आठवडे जातात.

डॉक्टरी बाजू चांगली आहे, त्याची काळजी नको. सुईण मात्र आल्या दिवसापासून शोधायला लागा. ती बाळंतपणानंतर घरी येते, पैसे विमा भरतो, आणि म्हणूनच मिळत नाही. आमची फार मायाळू होती. सासूबाई डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, सगळा बाळंतविडा घेऊन आलेल्या. सुईण म्हणाली, बाळाला आठवड्यातून एकदा-दोनदा अंघोळ पुरे. सासूबाईंनी मला विचारलं, “काय म्हणते ती?” मी म्हटलं, “छान चाललंय म्हणते.” तेल लावून रोजची अंघोळ चालू राहिली. धुरी मात्र फसली. इथे झोपायच्या खोलीत धुराचा अलार्म सक्तीचा आहे. सासूबाईंनी तापल्या तव्यावर ओवा आणि वेखंड टाकून तवा पाळण्याजवळ आणला मात्र, छतावरची ती पांढरी डबी केकाटायला लागली, मग बाळ केकाटायला लागलं, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई चपला घालून दारात. त्यानंतर ओव्याची पुरचुंडी शेकण्यावर भागवलं. पाहुण्यांचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच असतो, तेव्हा दोन्ही आज्यांना एकदम बोलावू नका. एक गेली की दुसरी.

आता गाणं. बर्लिनमध्ये संगीताला तोटा नाही. १९६३ साली उघडलेलं फिलहार्मोनीचं, म्हणजे इथल्या मोठ्या वाद्यवृंदाचं, सभागृह असं आहे की वादक मधे आणि ऐकणारे चहूबाजूंनी, त्यामुळे आपल्याला परकं वाटत नाही. दुपारच्या मोफत मैफिलीही होतात तिथे. फक्त दाद द्यायची नाही. एकाच रचनेच्या दोन भागांच्या मधे टाळीसुद्धा नाही, तेवढ्यात खोकून घ्यायचं. आपलं गाणंही अधूनमधून होतं, चांगली मंडळी येतात, पण वेळ बहुतेक संध्याकाळची, म्हणजे राग त्याच त्याच प्रहराचे.

मी मिरजेचा. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात उरुसाला जे गाणं होतं, तिथे सतरंजीवर रात्री काढलेल्या आहेत. त्यामुळे पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर सूर्यानं. डिसेंबरात तो चारच्या आत मावळतो, म्हणजे मारव्याची, त्या मावळतीच्या रागाची, वेळ ऑफिसच्या मीटिंगमध्ये. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड आणि दहानंतर शेजाऱ्यांसाठी शांतता. सांजेनंतरचा यमन लावेपर्यंत आवाज बंद करायची वेळ, रात्रीचे बागेश्री आणि दरबारी हेडफोनवर. पहाटेचा ललत जूनमध्ये चारलाच, पण घरात तान्हं बाळ असलं की चारला आपण जागेच असतो. मुलगी खांद्यावर, एका कानात ललत, दुसरा कान तिच्या ढेकरेकडे. ललताचे शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम लागोपाठ लागले आणि त्याच क्षणी तिनं माझ्या पाठीवर दूध काढलं. इतकं सुरेख ऐकणं माझ्या वाट्याला पूर्वी आलं नव्हतं. पण ते सांगायचं कुणाला?

एकटेपणाबद्दल लोक फार लिहितात. मला तो आला नाही. ऑफिस होतं, मंडळाचा गणपती होता, विषय संपला.

खरं तर संपला नाही. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा मैफल झाली की मित्रांशी अमृततुल्यावर वाद घालायचो. बायकोला गाण्यात रस नाही, कधीच नव्हता, आणि त्याची अडचणही कुणाला नव्हती. इथे मित्र नाहीत म्हणून मी तिला ऐकवायला लागलो. ती पुण्याची नोकरी सोडून आलेली, जर्मनचा क्लास बाळामुळे बंद, आणि मी दार उघडून आत आलो की, “हा कोमल रिषभ ऐक.” एका संध्याकाळी ती म्हणाली, “आज दिवसभरात माझ्याशी एक माणूस बोललेलं नाही, आणि तू मला गाणं ऐकवतोयस.” मी मोबाइल खिशात टाकला आणि भांडी घासायला गेलो. आता ती काम करते, तिच्या मैत्रिणी माझ्या मित्रांपेक्षा जास्त, जर्मन माझ्यापेक्षा बरं. तरी त्या सुटलेल्या नोकरीचा विषय निघाला की दोघंही दुसरंच काहीतरी बोलायला लागतो.

पाळणाघराचं नाव गर्भारपणातच नोंदवा. वर्षाच्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क २०१३पासून आहे, पण आमच्या वेळी हक्क दाखवून जागा मिळत नव्हती. मिळाल्यावर प्रत्येक मुलाची भाषावाढीची एक वही तेव्हा ठेवायचे. आमच्या मुलीच्या वहीत तिथल्या ताईंनी लिहिलं, ‘शब्दांऐवजी एकच आवाज ताणून काढते, हात हवेत फिरवते, बोलण्याची तपासणी करून घ्यावी.’ अहो, ती आलाप घेत होती! माझ्या मांडीवर बसून शिकलेली नक्कल. मला हसू आलं, बायकोला नाही. ती म्हणाली, “वहीत राहणार हे.” तपासणी झाली, कान ठीक, बोलणं ठीक. ताईंना दोष तरी काय देणार, दिसलं ते त्यांनी लिहिलं. पण आता पाळणाघराच्या वाटेवर मी गुणगुणायला लागलो की मुलगी माझ्या तोंडावर हात ठेवते. का ठेवते ते मी तिला विचारलेलं नाही.

तर, बरोबर आणा असं मी म्हणेन. बाळाचे पहिले आठवडे व्हिडिओ कॉलवर बघणं मला झेपलं नसतं. हे अर्थात बापाचं कारण झालं. तिला आईजवळ राहायचं असेल तर तसंच करा. एवढ्या लांबलचक प्रश्नात तिचं म्हणणं कुठेच आलेलं नाही, ते आधी विचारा, आणि लवकर विचारा, शेवटच्या महिन्यात विमान कंपन्या घेत नाहीत.

तानपुरा आणायचा मोह होत असेल तर, तानपुरे बनवणाऱ्या मिरजेचा असून सांगतो, नको. हिवाळ्यात हीटरनं खोली इतकी कोरडी होते की भोपळ्याला चीर जाऊ शकते. इलेक्ट्रॉनिक आणा. दोन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटला बसतो, तीन पिनांचा असेल तर अडॅप्टर तिकडूनच घ्या, इथे उगाच महाग पडतो.