वारंवारतेतला ‘वार’

एका वाचकाने विचारले आहे: ‘काही लाटा सेकंदाला एकदासुद्धा वरखाली होत नाहीत. त्यांना “वारंवारता” हा शब्द कसा चालेल? “कंप्रता” म्हणावे का? आणि त्यांची तरंगलांबी काढायची कशी?’

वारंवारता म्हणजे लाट सेकंदाला किती वेळा वरखाली होते तो आकडा, तो हर्ट्झमध्ये मोजतात; तरंगलांबी म्हणजे लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर. आधी रोज कानावर पडणारी एक चूक. कमी वारंवारतेच्या रेडिओलहरींना ‘संथ लहरी’ म्हणू नका हो! लहर १०० मेगाहर्ट्झची असो की १०० हर्ट्झची, निर्वातात तिचा वेग तोच, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. संथ असते ते तिचे हेलकावणे. आकाशवाणीच्या ‘लघुलहरी’ कमी वारंवारतेच्या, असे समजणारेही भेटतात. तिथे लघु आहे ती लांबी, म्हणून वारंवारता उलट जास्त.

आता ‘वार’. वारंवार म्हणजे पुष्कळदा, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देऊ. संस्कृतात ‘वार’ म्हणजे पाळी, ठरलेली खेप. सोमवार ही सोमाची पाळी, मंगळवार मंगळाची. आठवड्याचा वार आणि वारंवारमधला वार एकच! पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या ‘वार लावण्या’त दिवस आणि पाळी हे दोन्ही अर्थ एका पंगतीला बसलेले आहेत. पंढरीची वारीही याच घराण्यातली, हे माझे ठाम मत. ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा जायचे, खंड पडू द्यायचा नाही, हाच तर वारीचा नेम. ‘वारी चुकली’ म्हणताना वारकऱ्याला जी हळहळ वाटते ती पाळी चुकल्याची असते.

तेव्हा वारंवारता म्हणजे पाळीमागून पाळी. दोन पाळ्यांत किती काळ जावा, याबद्दल शब्द काहीच अट घालत नाही. इंग्रजी फ्रीक्वेन्सीच्या लॅटिन मुळात गर्दी आहे, दाटी आहे. विरळ लाटेला अवघडायला होईल ते तिथे, आपल्याकडे नाही. मराठी विश्वकोशाने मात्र ‘कंप्रता’ पत्करली. कंप्र म्हणजे थरथरणारा. थरथर किती वेळा, हीच तर सांगायची गोष्ट, आणि नेमकी तीच या शब्दात नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या हेलकाव्याला थरथर कोण म्हणेल? हिंदीतली ‘आवृत्ति’ अर्थाने उत्तम, पण मराठीत ती पुस्तकांनी केव्हाच ताब्यात घेतली.

तरंगलांबीसाठी वेगाला वारंवारतेने भागा. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तीन लाख भागिले ५०, सुमारे ६,००० किलोमीटर. अमेरिकेचे नौदल २००४ पर्यंत विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधून खोल पाण्यातल्या पाणबुड्यांना ७६ हर्ट्झवर संदेश धाडत असे. त्या एका लाटेची लांबी ३,९०० किलोमीटरहून अधिक!

वारंवारता एकाच्या खाली गेली की दशांशचिन्हापुढच्या शून्यांत माणसे हमखास अडखळतात. तिथे भागूच नका. एका पाळीला किती सेकंद लागतात ते पाहा आणि वेगाला त्याने गुणा. एक मिलिहर्ट्झ म्हणजे हजार सेकंदांची पाळी, लांबी ३० कोटी किलोमीटर; पृथ्वी ते सूर्य अंतराच्या दुप्पट. वार लावलेल्या मुलाची एका घरची पाळी आठवड्याने येई. तेवढ्या संथ हेलकाव्याची प्रकाशवेगाने जाणारी लाट १८,००० कोटी किलोमीटरांची भरेल. आषाढी वारीची पाळी वर्षाची, म्हणून तशा लाटेची लांबी सुमारे एक प्रकाशवर्ष! पाळीच्या काळाआधी ‘प्रकाश’ जोडला की उत्तर तयार.

अशा लाटा नुसत्या कागदावरच्या नाहीत. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही महादुर्बीण वापरणारे भारतीय शास्त्रज्ञ स्पंदकांचे, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओठोके देणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके वर्षानुवर्षे मोजत आहेत. त्या ठोक्यांच्या वेळांतल्या बारीक फरकांवरून नॅनोहर्ट्झच्या गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाशालाच ताणत-आक्रसत जाणाऱ्या लहरींचे, पुरावे २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी मांडले, त्यांत तेही होते. एक नॅनोहर्ट्झ म्हणजे सुमारे ३२ वर्षांनी एक पाळी. या लहरीही प्रकाशाच्याच वेगाने जातात, म्हणून एकेक लाट ३२ प्रकाशवर्षांची.

गणित करताना वेग त्या त्या लाटेचाच घ्या. हवेतल्या २० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे १७ मीटर असते. प्रकाशाचा वेग लावून बसलात तर उत्तर येईल १५,००० किलोमीटर.