गजरा माळून वाइन चाखायला जाऊ नका

प्रश्न : ताई, यंदा आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतील. मुलाने नाशिकला वाइन टेस्टिंग आणि पाच कोर्सचं जेवण असा बेत आखून दिलाय. सुट्टी आहे म्हणून १५ ऑगस्टलाच जावं म्हणतो. पण भर पावसात द्राक्षाच्या मळ्यात बघायचं काय? शिवाय तिथे वाइन तोंडात घेऊन थुंकतात म्हणे! आणि एवढ्या काट्या-चमच्यांपुढे माझी फजिती होईल ती वेगळीच.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी तारीख बदला. १५ ऑगस्टला महाराष्ट्रात ड्राय डे असतो. सव्वादोनशे किलोमीटर जाऊन लिंबूसरबत पिऊन याल. श्रावण पाळता की नाही ते मी विचारत नाही, तो तुमचा आणि सासूबाईंचा प्रश्न.

मळ्यात बघायला काही नसतं, हे अगदी खरं. निदान द्राक्षं तरी नसतात. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, मग पावसाळाभर नुसती काडी तयार होते, आणि पाऊस सरता सरता फळछाटणी. घड काढायचे ते जानेवारी ते मार्चमध्ये. पावसात फळ धरलं तर डाऊनी हा बुरशीचा रोग सोडत नाही. म्हणजे आत्ता हिरवीगार पानं आणि चिखल. चप्पल पट्ट्याची घाला, पांढरी सलवार घरीच ठेवा. पण वाइन टाकीत आणि बाटलीत असते, तिला पावसाचं काय? उलट गर्दी कमी, आणि ओतून देणारा मुलगा निवांत बोलतो.

आम्ही गेलो तो जुलैतला मंगळवार होता. आळेफाट्यापासून सिन्नरपर्यंत वायपर थांबला नाही. मी हौसेने आदल्या संध्याकाळी मंडईतून जुईचा गजरा आणून ओल्या फडक्यात ठेवला होता, तो माळून गेले. पहिली आली सोव्हिन्यों ब्लां नावाची पांढरी वाइन. मुलगा म्हणाला, "मॅडम, ढोबळी मिरचीचा वास येतोय?" मला जुईचा आला. दुसरी शेनिन ब्लां, पुन्हा जुई. तिसऱ्या, लाल शिराझला मिऱ्याचा वास असतो म्हणे, मला मिरी घातलेली जुई! आमचे हे खुशाल माना डोलवत होते. शेवटी तो पोरगा कान लाल करून म्हणाला, "मॅडम, गजरा जरा..." काढला, टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकला, बाहेर व्हरांड्यात पाच मिनिटं पाऊस बघत उभी राहिले आणि परत येऊन पहिला ग्लास हुंगला. ढोबळी मिरचीचं देठ अंगठ्याने आत दाबून बिया उपसताना जो हिरवा वास येतो ना, तोच! अत्तर, सेंट, बामसुद्धा लावून जाऊ नका.

ते लोक गूजबेरी वगैरे म्हणतील. आपण कुठे खाल्लीय? तुम्ही कच्चा पेरू म्हणा, जांभूळ म्हणा. लाल वाइनने जीभ आखडली तर ती खराब नाही. जांभळाने आखडते तसाच तो तुरटपणा, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेला.

थुंकण्याचं म्हणाल तर त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, आणि त्यात कुणाचा अपमान नाही. नाहीच जमलं तर उरलेली त्यात ओता. पण हिशेब लक्षात ठेवा : प्रत्येकी तीस मिली धरली तरी पाच वाइन म्हणजे दीडशे मिली, बाटलीचा पाचवा हिस्सा. रिकाम्या पोटी तर अजिबात नको. नारायणगावला नाश्ता करा. (याच नारायणगावात चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात फेसाळती वाइन बनवून 'ओमर खय्याम' नावाने परदेशी पाठवली होती. आपण मात्र गावातून जाताना टोमॅटोचे भाव विचारतो.)

काट्या-चमच्यांचं सोपं आहे. बाहेरच्या बाजूने सुरुवात करायची आणि प्रत्येक कोर्सला आत सरकायचं. चुकलात तर वेटर न बोलता दुसरा आणून ठेवतो. आमच्याकडे तांबड्या भोपळ्याचं सूप पसरट बशीत जेमतेम चार चमचे आलं. हे कुजबुजले, "हे चव बघायला दिलंय की जेवायला?" मी टेबलाखालून पाय मारला. तिसऱ्या कोर्सला तिखट मटण आणि सोबत शिराझ, तिथे मात्र माझं डोकं फिरलं. तिखटावर कडक लाल वाइन घेतली की अल्कोहोलने जिभेची आग आणखी भडकते. मी सरळ मघाची किंचित गोडसर शेनिन ब्लां मागितली आणि मटण संपवलं. तुम्हीही मागा, लाजू नका. पैसे मुलाने भरलेत.

राहिली गाडी. दोघांनीही चाखायची असेल तर ड्रायव्हर घ्या किंवा रात्री तिथेच राहा. पावसात चंदनापुरीच्या घाटात धुकं उतरतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन निघा.