रेमेडियलच्या वर्गाला बसावं, की बाहेरचा स्टडी स्किल्सचा कोर्स लावावा?

एफवाय बीएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिक्स आणि मॅथ्स राहिले, कॉलेजने रेमेडियलच्या, म्हणजे मागे पडलेल्यांसाठीच्या जादा तासांच्या, यादीत नाव टाकलं, मित्र चिडवतात, आणि 'अभ्यास कसा करावा' शिकवणारा चार हजारांचा ऑनलाइन कोर्स खुणावतोय, असा तुझा प्रश्न. मी जिल्ह्याच्या गावी बीएस्सीला फिजिक्स शिकवते, रेमेडियलचे तासही घेते. (तुझ्या वयाची मुलं रोज समोर असतात, म्हणून अरे-तुरे करतेय.) रेमेडियलला बस. चार हजार भरू नकोस.

कोर्सवाले खोटं शिकवतात असं नाही. वेळापत्रक करा, नोट्स काढा, मोबाइल लांब ठेवा, यात चुकीचं काय आहे? पण विषयापासून सुटं काढून शिकवलेलं हे तंत्र विषयात उतरत नाही. जॉन हॅटी, जॉन बिग्ज आणि नोला पर्डी या शिक्षण-संशोधकांनी १९९६ मध्ये अशा प्रशिक्षणांवरच्या ५१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यातूनही हेच निघालं की अभ्यासाची कौशल्यं त्या-त्या विषयातच, त्याच विषयाची कामं देऊन शिकवावीत.

तुझ्याच मेकॅनिक्समधलं घे. पॅरलल अ‍ॅक्सिस थिअरम (एका अक्षाभोवतीच्या मोमेंट ऑफ इनर्शियावरून, म्हणजे फिरवायला होणाऱ्या विरोधाच्या मापावरून, समांतर अक्षाभोवतीचा काढायचा नियम), 'स्टेट अँड प्रूव्ह'. पाठ सगळ्यांचं असतं. पेपर तपासताना मी मधल्या एका पायरीवर थांबते: सिग्मा एम-एक्स (प्रत्येक कणाचं वस्तुमान गुणिले अंतर, यांची बेरीज) ही टर्म शून्य होते, तिथे. बहुतेक जण 'इज इक्वल टू झीरो' लिहून पुढे पळतात. रेमेडियलला मी पुस्तक मिटायला लावते आणि विचारते, का रे शून्य? वर्ग चिडीचूप. मग कोणीतरी हळूच, "मॅडम, पुस्तकात तसंच आहे." ओरिजिन सेंटर ऑफ मासवर घेतलाय म्हणून ती टर्म जाते, हे एकदा कळलं की स्टेटमेंटमध्ये 'सेंटर ऑफ मासमधून जाणारा अक्ष' हे शब्द आपोआप येतात, ते नसले की मार्क कापावेच लागतात. मग रिंग देते: प्रतलाला लंब आणि परिघावरून जाणारा अक्ष घेऊन मोमेंट ऑफ इनर्शिया काढा. दोन एमआर स्क्वेअर येतं, आणि पाठांतर न करता येतं. या एका तासात नोट्स, वाचन, उत्तरलेखन सगळं होऊन जातं, फक्त कोणी त्याला स्किल म्हणत नाही.

पुस्तक मिटायला लावण्यामागे कारण आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा पुन्हा-पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. 'रात्री सगळं येत होतं, पेपरात गेलं' याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

आता चिडवण्याचं. दोष आमच्याकडेही आहे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) पंचवार्षिक योजनांतून अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या रेमेडियल कोचिंगसाठी अनुदान देत असे. पुढे नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलमध्ये 'स्लो लर्नर' आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर' असे रकाने आले, आणि आम्ही नोटीस बोर्डावर तसल्या मथळ्याची यादी लावायला लागलो. मुलगा लाजेल नाही तर काय! अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी कॅम्पसने १९७३ मध्ये उलटं केलं. कच्चे विद्यार्थी निवडण्याऐवजी अवघड विषय निवडले. तो विषय चांगल्या मार्कांनी सुटलेला सीनियर पुन्हा लेक्चरला बसतो आणि नंतर सगळ्यांसाठी खुला तास घेतो. त्याच दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ यूरी ट्राइसमन यांना दिसलं की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी आळशी नव्हते, ते एकेकटे अभ्यास करत होते. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची. ट्राइसमन यांनी गट पाडले आणि सोपी नाही, अवघड गणितं दिली. मला हे फार पटतं. रेमेडियल म्हणजे तेच लेक्चर हळू आवाजात पुन्हा, असं असेल तर मीही बसणार नाही.

आणि काही ठिकाणी तेवढंही नसतं, हे मला माहीत आहे. हजेरीपटावर सही, एक जिओटॅग केलेला फोटो, संपलं. तुझ्याकडे तसं निघालं तर रुसून बसू नकोस. राहिलेल्या पेपरची छायांकित प्रत मिळण्याची सोय तुझ्या विद्यापीठात असेल तर मुदतीत अर्ज कर. पुणे विद्यापीठात ती आहे. मार्क वाढवायला नव्हे, आपण काय लिहून आलो ते बघायला. इंटर्नलचा पेपर सरांकडे माग. मागायला कोणी येतच नाही, गठ्ठे तसेच कपाटात पडतात. कुठे पायरी गाळली, कुठे प्रश्न एक आणि उत्तर दुसरंच, हे लाल पेनाने जर्नलच्या मागच्या पानावर उतरव. व्हिडिओ हवेच असतील तर आयआयटींच्या 'एनपीटीईएल' आणि सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन पोर्टलांवर फुकट आहेत, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

मग मेकॅनिक्स राहिलेले तिघं-चौघं गाठ, कॉलेजात ते कमी नसतीलच. प्रत्येकाने अडलेली दोन गणितं घ्यायची आणि सरांकडे जाऊन आठवड्यातला एक तास मागायचा. 'सर, काहीच कळत नाही' असं म्हणू नका, अडलेली पायरी दाखवा. एकट्याला 'नंतर ये' सांगणं सोपं असतं. चौघं वही उघडून दारात उभे राहिले की मला तरी आजवर नाही म्हणता आलेलं नाही.